बोट लिस्बनला लागते तेव्हा

रविवार : भर समुद्रात

बार्सिलोना काल संध्याकाळी मागे पडलं आणि आज उजाडल्यापासून चहूकडे पाणीच पाणी. क्रूझवाल्यांच्या भाषेत हा ‘सी डे’. लोक खातात, उन्हात पडतात, उठून पुन्हा खातात. मावशीने सकाळीच डेकवर फेऱ्या मारून घेतल्या आणि चहाच्या टेबलावर विषय काढला, "उद्या काय काय बघायचं ते ठरलंय, की नुसतं ‘बघू’ चाललंय?"

विषय काढायला कारण होतं. बोट लिस्बनला सोमवारी दुपारी लागणार, रात्रभर धक्क्यावर राहणार आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला सुटणार. त्यात सोमवारी लिस्बनमधली बहुतेक संग्रहालयं बंद असतात, जेरोनिमुशचा मठही बंद. त्यामुळे सोमवार रस्त्यांना, चौकांना आणि चर्चना द्यायचा, मंगळवारी सकाळी नदीकाठचा बेलेम भाग उरकायचा आणि उरलेल्या वेळात टेकडीवरचं काय जमेल ते, असा बेत नवऱ्याने रुमालावर लिहून काढला. मावशीच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट कुठे आहेत, तेही त्यातच.

बोटीवरच्या टूर डेस्कवाल्यांनी बसच्या सहली विकायचा बराच प्रयत्न केला. आम्ही घेतल्या नाहीत. लिस्बनचा क्रूझ धक्का थेट जुन्या शहराच्या पायथ्याशी आहे, दरवाज्यातून बाहेर पडलं की अल्फामा समोर. बसमध्ये बसून माणसं मोजली जाण्यात अर्धा वेळ का घालवायचा? मात्र ज्यांना लिस्बनबाहेरच्या सिंत्रा गावातले राजवाडे बघायचे आहेत त्यांनी बोटीचीच सहल घ्यावी. सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते. आपण आपले उशिरा आलो तर थांबत नाही.

आम्ही तिघं, मी, नवरा आणि मावशी. माझं माहेर आणि मावशीचं सासर, दोन्ही वसईचं. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या कमानींखाली माझं लहानपण गेलं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच पाठ असतं. मावशी या सहलीला तयार झाली ती एकाच अटीवर. "ज्यांनी आमच्या दारात एवढा किल्ला बांधला, त्यांचं घर मला बघायचंय. बाकी तुमचं ते बार्सिलोना वगैरे तुम्ही बघा."

रात्री जेवणानंतर जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून बोट गेली. डाव्या हाताला आफ्रिकेचे दिवे, उजव्या हाताला युरोपचे. वारा इतका की दहा मिनिटांत सगळे आत पळाले.

सोमवार : तेजू नदीतून शहरात

लिस्बन हे समुद्रकाठचं शहर नाही, तेजू नदीच्या मुखापासून जरा आत आहे. इंग्रजी नकाशात हीच टॅगस. विमानाने येणाऱ्याला जे कधीच कळत नाही ते बोटीने येणाऱ्याला आपोआप कळतं. शहर कोणत्या क्रमाने दिसायला हवं, तो क्रम. नदीच्या तोंडाशी पाण्यातच उभा असलेला बुजियुचा गोल किल्ला आणि त्याचा दीपस्तंभ. मग डावीकडे उत्तर काठावर एकामागून एक गावं. त्यातलं एक काशियश.

काशियश यायच्या आधीच आम्ही वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे होतो, ते मावशीसाठी. या गावाच्या टेकडीवरच्या किल्ल्यात पोर्तुगालच्या हुकूमशाहीचा राजकीय तुरुंग होता. सांगलीचे मोहन रानडे तिथे होते. गोव्यात शिक्षक म्हणून गेलेला हा तरुण गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला आणि सव्वीस वर्षांची शिक्षा घेऊन इथे आणला गेला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, रानडे मात्र आतच. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी समिती काढली, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराईंनी थेट पोपपर्यंत शब्द टाकला, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. मावशी तेव्हा शाळेत होती. घरात मोठ्यांच्या तोंडी हे नाव सारखं असायचं, असं ती म्हणाली. बाबूजींची गाणी सगळ्यांना पाठ असतात, त्यांनी या कामासाठी घातलेले हेलपाटे कुणाच्या लक्षात नसतात, हेही तीच म्हणाली. डेकवरचे बाकीचे प्रवासी त्या वेळी समोर दिसू लागलेल्या बेलेमच्या बुरुजाचे फोटो काढत होते. काशियशकडे कॅमेरा कोण कशाला वळवेल?

बुरुज गेला, नाविकांच्या स्मारकाचं पांढरं शीड गेलं आणि समोर आला तांबडा झुलता पूल. १९६६ मध्ये उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. १९७४ च्या क्रांतीनंतर ते पुसून क्रांतीची तारीखच त्याचं नाव झाली, ‘२५ एप्रिल पूल’. पाण्यापासून पुलाची उंची सत्तर मीटर. हे आकडे माहीत असूनही बोटीचं धुराडं आता घासणार असंच प्रत्येकाला वाटतं, आणि खालून गेल्यावर सगळे टाळ्या वाजवतात. वरच्या गाड्या लोखंडी जाळीवरून धावतात त्याची एक सलग घूंऽऽ ऐकू येत राहते. दक्षिण काठावर हात पसरलेला येशूचा भव्य पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धातून देश वाचला म्हणून १९५९ मध्ये उभारलेला. रिओचा बघून बांधला आणि तो दिसतोही तसाच, त्याबद्दल अधिक काही नाही.

धक्क्यावरची इमारत नवी, २०१७ ची. तिच्या काँक्रीटमध्ये बुचाचे तुकडे मिसळलेत, म्हणजे भिंती हलक्या व्हाव्यात. बुचाच्या झाडांचा देश, तेव्हा ते ओघाने आलंच. पासपोर्टचं काम पाच मिनिटांत झालं.

नदीच्या कडेने चालत आम्ही आधी प्रासा दु कोमेर्सिउ या चौकात गेलो. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती आणि चौथी बाजू नदीला उघडी. इथे राजाचा वाडा होता आणि ‘कासा दा इंदिया’, म्हणजे भारताशी चालणाऱ्या व्यापाराचं मुख्य कार्यालय. गोव्याहून, कोचीहून आलेला माल इथे मोजला जायचा. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. त्यातून वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, तर नदीतून लाट आली. सणाच्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेटलेली आग कित्येक दिवस विझली नाही. राजवाडा गेला, कासा दा इंदिया कागदपत्रांसह गेली. वसई त्यांच्या हातून जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

नंतर जे बांधलं ते मार्केस दे पोंबाल या मंत्र्याच्या हुकमाने. चौकाच्या मागचा बायशा भाग त्याने सरळ रेषांत आखला. प्रत्येक इमारतीच्या भिंतीत लाकडाचा सांगाडा घातला, धक्का बसला तर हलेल पण कोसळणार नाही असा. नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि चाचणी घेतली! भूकंप लक्षात घेऊन अख्खा भागच बांधून काढायचा हा युरोपातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न. गल्ल्यांना धंद्यांची नावं, सोन्याची, चांदीची, चांभारांची. आता सोन्याच्या गल्लीत बँका आणि चपलांचीच दुकानं जास्त.

चौकाला लागून रुआ दु आर्सेनाल नावाचा रस्ता आहे, तिथे खारवलेल्या कॉड माशाच्या चळती लावलेली जुनी दुकानं. त्याला इथे बाकाल्याउ म्हणतात. दुकानाच्या दारातच मावशी थांबली, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, "आपला सुक्या बोंबलांचा बाजार. फक्त यांचा बोंबील दरवाज्याएवढा." नवरा कोकणातला असूनही शाकाहारी. तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

लिस्बनच्या पदपथांवर पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बेसॉल्टचे छोटे चौकोनी तुकडे हाताने बसवून नक्षी केलेली असते. रोसियु चौकात तर काळ्या-पांढऱ्या लाटाच आहेत, १८४८-४९ च्या. दिसायला सुरेख आणि चालायला निसरड्या. कॅनव्हासचे रबरी तळाचे बूट आणा. सँडलवाल्या दोन बायकांना आम्ही भर चौकात बसकण मारताना पाहिलं.

रोसियुच्या कोपऱ्यावर साँ दोमिंगुश हे चर्च आहे. बहुतेक सहली बाहेरूनच पुढे जातात. आत जा. १९५९ मध्ये हे आतून जळालं आणि नंतर उघडलं ते डागडुजी करून गुळगुळीत न करताच. खांबांच्या कडा आगीने तडकून ढासळलेल्या, दगड फुटलेला, वरचं छत नवं आणि तांबूस रंगाचं. लोक येऊन शांतपणे प्रार्थना करत असतात. एप्रिल १५०६ मध्ये याच चर्चमधून ज्यूंची कत्तल सुरू झाली. सक्तीने ख्रिस्ती केलेले ज्यू, ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत त्यांना. तीन दिवसांत हजारोंच्या घरात माणसं मारली गेली. बाहेरच्या चौकात त्यांच्यासाठी एक साधं दगडी स्मारक आहे. आणि शेजारी, जिथे आज नाट्यगृह आहे, तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचा, वाडा होता.

मला इथे गार्सिया द ओर्ताची आठवण झाली. हा पोर्तुगीज वैद्य असाच नव्या ख्रिस्त्यांच्या घरातला. १५३४ मध्ये भारतात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषधं दिली आणि मुंबई बेट भाड्याने घेऊन तिथे बाग लावली. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. आंबा, हिंग, अफू, सगळं त्यात आहे. तो गेल्यावर इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. बहिणीला तर गोव्यात जिवंत जाळलं होतं. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. बाहेर येऊन तिने विचारलं, "मेलेल्याला जाळून काय मिळालं त्यांना?"

त्याच चौकात १८४० पासून चाललेलं जिंजिन्याचं एक खोपटाएवढं दुकान आहे. आंबट चेरीचं गोड मद्य, इवल्या पेल्यात, उभ्याउभ्याच प्यायचं. पेल्यात चेरी हवी की नको एवढंच विचारतात. मावशीने ‘औषध म्हणून’ एक घेतलं. चेरीसकट.

शिआदोच्या चढावर जायला सांता जुश्ता या १९०२ च्या लोखंडी लिफ्टपाशी शंभरेक माणसांची रांग होती. रांगेत उभं राहू नका. बायशा-शिआदो मेट्रो स्टेशनात खालून शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा. तिकीटही लागत नाही. वर कार्मुचा मठ आहे, भूकंपात छप्पर पडलेला आणि तसाच ठेवलेला. उघड्या आभाळाखाली दगडी कमानी तेवढ्या उरल्यात. वसईच्या माणसाला चर्चला छप्पर नसणं यात नवल वाटत नाही. मावशी तर म्हणाली, "आमच्याकडचे जास्त आहेत." मला कार्मुपेक्षा त्याच्या समोरचा लहानसा चौक महत्त्वाचा वाटला. २५ एप्रिल १९७४ ला इथल्या पोलीस मुख्यालयात सालाझारच्या जागी आलेला पंतप्रधान कायतानु लपला होता. कॅप्टन साल्गेइरु माया चिलखती गाड्या घेऊन दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही संपली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली. सालाझार असेपर्यंत पोर्तुगालने गोवा गेला हे मान्यच केलं नव्हतं. त्यांच्या कागदोपत्री तो त्यांचाच प्रांत होता. क्रांतीनंतर नवं सरकार आलं आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत करार करून त्यांनी गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. म्हणजे गोव्याचा निकाल पणजीत लागून तेरा वर्षं झाली होती. त्याच्यावर इथली सही व्हायला या चौकातला दिवस उजाडावा लागला.

संध्याकाळी अल्फामा. भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेली, अरबांच्या काळातली वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतल्या बायका आवाज न चढवता बोलतात. गुडघेवाल्यांसाठी सांगते. रुआ दुश फांकेइरुशवर एका साध्या इमारतीत फुकट लिफ्ट आहे, तिथून थोडं चाललं की दुसरी. दोन लिफ्टमध्ये किल्ल्याच्या खालच्या अंगाला पोचता. पोर्ताश दु सोलच्या कठड्यावरून खाली लाल कौलं, नदी आणि आमची बोट. बोट शहरापेक्षा मोठी दिसत होती आणि जरा लाजच वाटली. अशा पाच बोटी एका दिवशी आल्या तर या गल्ल्यांचं काय होत असेल! इथल्या भिंतींवर पर्यटकांच्या विरोधातल्या ओळी रंगवलेल्या दिसतात. त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येणार नाही.

जेवायला रस्त्यावर भाजलेल्या सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण. जाड मीठ लावून निखाऱ्यावर, बाकी मसाला शून्य. मावशीने पर्समधून लाल तिखटाची पुडी काढली. नवऱ्याला ब्रेड, चीज आणि ‘शामुसा’. हो, आपला समोसाच. गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने इथे येऊन पोचलेला, आता प्रत्येक कॅफेच्या काचेत असतो. फादो म्हणजे इथलं दर्दभरं पारंपरिक गाणं. फादोच्या घरांत ते ऐकायचं तर जेवणही तिथेच घ्यावं लागतं आणि ते चांगलंच महाग पडतं. आम्ही एका दाराबाहेर उभं राहून दीड गाणं ऐकलं. भाषा कळली नाही, पण बाई कुणाला तरी बोलावते आहे आणि तो येणार नाही, एवढं समजलं.

मंगळवार : बेलेम, बाजार आणि मुंबई आंदण देणारी मुलगी

सांता आपोलोनिया स्टेशनासमोरून ७२८ नंबरची बस थेट बेलेमला जाते. प्रसिद्ध १५ नंबरच्या ट्रामपेक्षा मोकळी असते. आणि २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामचा मोह तर सोडाच. रांग मोठी आणि खिसेकापूंना ती आपल्यापेक्षा जास्त आवडते.

जेरोनिमुशच्या दारात उघडायच्या आधीच रांग होती. हा मठ राजा मानुएलने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला, आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून. बांधकाम जवळजवळ शंभर वर्षं चाललं. मधला चौसोपी, दुमजली ओवऱ्यांचा चौक बघताना माझा राग-लोभ सगळा बाजूला पडला हे कबूल केलं पाहिजे. मधासारख्या रंगाच्या चुनखडीत जहाजांचे दोर कोरलेत, दोरांच्या गाठी, पोवळी, समुद्री वनस्पती, विचित्र प्राणी. एकही खांब दुसऱ्यासारखा नाही. पाथरवटांना समुद्राचं वेड लागलं होतं. नवरा म्हणाला, "पैसा कुठून आला ते विसरलं तर किती सुंदर आहे." मावशी म्हणाली, "विसरायचं कशाला? सुंदरही आहे आणि पैसाही आपला आहे."

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामा आणि समोर कवी कामोइंश, दोघांची संगमरवरी थडगी. कामोइंशने गोव्यात कित्येक वर्षं काढली, गामाचा पराक्रम त्याच्याच महाकाव्यातून अजरामर झाला. म्हणून दोघांना समोरासमोर झोपवलंय. गामा ८ जुलै १४९७ ला इथल्याच किनाऱ्यावरून निघाला आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला पोचला. हे सगळे गाइड सांगतात. १५०२ च्या दुसऱ्या फेरीत त्याने मलबारच्या किनाऱ्यावर हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसह जाळलं, ते आमच्या बाजूला उभ्या असलेल्या इंग्रजी गाइडने सांगितलं नाही. निदान त्या गटाला तरी नाही. गामा मेला कोचीत, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. तिथे पुरला, मग हाडं पोर्तुगालला आणली आणि या चर्चमध्ये यायला एकोणिसावं शतक संपत आलं होतं. थडग्यावर हात जोडून आडवा पडलेला संतच दिसतो.

पुढे गाभाऱ्याजवळ राजा मानुएल आणि त्याच्या घराण्याची थडगी आहेत आणि ती थडगी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर उभी आहेत. पोर्तुगालच्या राजांना मेल्यावरही हत्तींनी उचलून धरलंय. याच्याइतकं खरं शिल्प अख्ख्या बेलेममध्ये दुसरं नाही.

मठासमोरच्या बागेतून नदीकडे गेलं की नाविकांचं स्मारक लागतं. १९६० मधलं, बावन्न मीटर उंच. पुढे राजपुत्र हेन्री, मागे दोन्ही बाजूंनी दर्यावर्दी, पाद्री, नकाशेवाले. सालाझारच्या राजवटीचं हे आवडतं चित्र. दगड नवा आहे आणि अभिमान जुना आहे. पायाशी जमिनीवर संगमरवराचा जगाचा नकाशा आहे, त्यावर कोण कुठे कधी पोचलं ती सालं. मुलं त्यावर देश ओळखत उड्या मारत होती. तोच काय तो तिथला जिवंत भाग.

बेलेमचा बुरुज आम्ही बाहेरूनच पाहिला, आत अरुंद जिने आणि मावशीचे गुडघे. पण बाहेरूनच बघायचा होता तो गेंडा. एका कोपऱ्यातल्या छोट्या बुरुजीच्या तळाशी एक झिजलेलं दगडी तोंड आहे, सांगितल्याशिवाय दिसत नाही. त्याची गोष्ट अशी. भारतातला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला दीवमध्ये किल्ला बांधायचा होता, गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा परवानगी देईना. नकार कडू लागू नये म्हणून त्याने एक जिवंत गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून राजा मानुएलला धाडून दिला. २० मे १५१५ ला गेंडा या धक्क्यावर उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला पहिला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती बघताक्षणी पळाला. जर्मन चित्रकार ड्यूररने स्वतः न बघता, आलेल्या वर्णनावरून त्याचं चित्र काढलं, चिलखत घातलेला गेंडा, आणि पुढे अडीचशे वर्षं युरोपला गेंडा तसाच असतो असं वाटत राहिलं. राजाने मग तो पोपला नजर केला. वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडात बांधलेला गेंडा पोहणार कसा? गुजरातच्या गवतातून निघालेल्या त्या बिचाऱ्याचं हे एवढंच तोंड इथे राहिलंय.

१८३४ मध्ये पोर्तुगालने मठ बंद केले, तेव्हा इथल्या कस्टर्डच्या गोडाची कृती बाहेर गेली आणि १८३७ पासून शेजारच्या दुकानात ती विकली जाते. पाश्तेल द बेलेम. बाहेरची रांग फक्त पुड्या नेणाऱ्यांची असते, आत निळ्या फरशांच्या खोल्यांत बसायला जागा सहज मिळते. गरम गरम, वर दालचिनी. मी तीन खाल्ले. नवऱ्याला अंडं चालत नाही, त्याने कॉफी पिऊन आमच्याकडे बघितलं.

बेलेमहून टॅक्सीने थेट कांपु द सांता क्लारा. इथे मंगळवारी आणि शनिवारी फेइरा दा लाद्रा भरतो, जुन्या बाजाराचा बाप. फुटक्या कपबशा, लष्करी बिल्ले, तबकड्या, कुणाच्या तरी लग्नाचे अल्बम. आणि जुन्या निळ्या फरशा. त्या घेऊ नका. बऱ्याचशा कुठल्या तरी भिंतीवरून उपटून आणलेल्या असतात. मावशीने एक पितळी बिजागरी घेतली, वसईच्या घराच्या माजघराच्या दाराला हुबेहूब तसलीच हवी होती म्हणून. घासाघीस मराठीत केली आणि जमली.

बाजाराला लागून साँ विसेंत द फोरा हा मठ. जुन्या भोजनशाळेत ब्रगांझा या पोर्तुगालच्या राजघराण्याची दफनभूमी आहे. १९०८ मध्ये प्रासा दु कोमेर्सिउवर गोळ्या घालून मारलेला राजा कार्लुश आणि युवराज इथेच आहेत, त्यांच्यापुढे तोंड झाकून रडणारी एक दगडी बाई. सगळे तिचे फोटो काढतात. आम्ही शोधत होतो कातारिनाला. १६६१ च्या तहात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देऊ केलेली ही राजकन्या, जिच्या हुंड्यात टँजियर गेलं आणि मुंबई गेली. गोव्याचा व्हाइसरॉय बेट सोडायला तयार नव्हता, चालढकल करत १६६५ उजाडलं. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्या चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्याने. इतरांसारखीच एक संगमरवरी पेटी, त्यावर नाव.

मावशी तिथे बराच वेळ उभी राहिली. "हुंड्यात मुंबई दिली, पण पोर सुखात होती का?"

नव्हती. नवऱ्याच्या भानगडी जगजाहीर, मूलबाळ झालं नाही, धर्म वेगळा म्हणून दरबार संशयाने बघायचा. नवरा गेल्यावर काही वर्षांनी ती माहेरी परतली आणि १७०५ मध्ये लिस्बनलाच वारली. मधे काही काळ भावासाठी राज्यही सांभाळलं तिने. "बरं झालं परत आली," एवढं म्हणून मावशीने पेटीला नमस्कार केला. रखवालदार बघत होता, काही बोलला नाही.

उतरताना सी कॅथिड्रलच्या घंटा वाजत होत्या. वसईच्या चर्चमधल्या घंटा आप्पांच्या विजयानंतर महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. कॅथिड्रलच्या अगदी पाठीशी आल्जुब, जुना राजकीय तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. वेळ थोडा होता. एकांतवासाच्या कोठड्या बघितल्या, एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या. वसाहतींतल्या स्वातंत्र्यलढ्यांचा भागही आहे. सकाळच्या नाविकांच्या स्मारकावर जे नाही ते इथे आहे, आणि तेही सरकारी पैशाने लावलेलं. हे मला लिस्बनमध्ये सगळ्यात आवडलं. इथे रांग नव्हती. आमच्यासह सात-आठ माणसं.

साडेपाचच्या आत बोटीवर. स्कॅनरमध्ये बिजागरी दिसली, तिची पाच मिनिटं चौकशी झाली.

रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलाचा वेटर गोव्याचा, सासष्टीचा. मावशीची आणि त्याची पहिल्या दिवसापासून गट्टी, तो तिच्यासाठी स्वयंपाकघरातून हिरव्या मिरच्या आणायचा. तिने विचारलं, "तुला उतरायला मिळालं का रे? काय पाहिलंस?"

"वकील बघितला, आंटी," तो हसला. त्याचे आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, म्हणजे पोर्तुगालच्या लेखी त्यांचे नागरिक, आणि तो हक्क नातवापर्यंत पोचतो. आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या दफ्तरात चढली की मग बापाची, मग याची. मग पासपोर्ट. एका कागदावर आजीच्या नावाचं स्पेलिंग वेगळं पडलंय, तेवढ्यासाठी फाईल अडली होती. सुट्टीचे चार तास त्यात गेले.

"आणि इंडियाचा पासपोर्ट?" नवऱ्याने विचारलं.

"तो द्यावा लागतो परत. दोन ठेवू देत नाहीत." त्याने ताटं उचलली. "भाऊ लंडनजवळ होता, ब्रेक्झिटच्या आधी गेला. माझं लेट झालं. तरी घेणार. बोटीवर किती दिवस काढायचे?"

"मग बेलेम वगैरे काहीच नाही बघितलंस?" मावशी म्हणाली.

"पुलाखालून जाताना दिसतो ना टॉवर, दर फेरीला. आंटी, आज डेझर्टमध्ये कस्टर्ड टार्ट आहे, लिस्बनचा म्हणून. पण खाऊ नका, फ्रोझन आहे. मी तुम्हाला फळं आणतो."